दीर्घिकेला आमची संध्याकाळ कशी कळते?

३ फेब्रुवारी, सोमवार

शुक्रवारी लिहिलेलं चुकीचं आहे. ‘दीर्घिका उजळली’ असं मी ठोकून दिलं. तसं मला म्हणता येत नाही. शेजारच्या दोन ताऱ्यांच्या तुलनेत ती उजळलेली दिसली, एवढंच मला माहीत आहे. तारे मंदावले असते तरी असंच दिसलं असतं.

त्याच पानावर ‘बाबा मजेत’ असंही आहे. तेही चूक. बाबा फोनवर सगळा वेळ दुर्बिणीबद्दल बोलले आणि मी त्यांना ‘कसे आहात’ हे विचारलंच नाही. दोन्ही वाक्यांवर रेघ मारली — एकच, खालचं वाचता येईल अशी. घरची शिस्त.

आता नीट. ह्या दीर्घिकेच्या पोटात एक भलंमोठं कृष्णविवर आहे. त्यात पडायला निघालेला वायू पडण्याआधी तापतो, आणि एवढ्याशा जागेतला तो उजेड साऱ्या दीर्घिकेला भारी पडतो. तो कमीजास्त होतो हे जुनंच. वर्षांत होतो, महिन्यांत होतो. पण डिसेंबरपासून आमची दीर्घिका काही रात्री उजळलेली सापडते आणि तासा-दोन तासांत उतरते! असं फार थोड्या दीर्घिकांचं दिसलंय. बाई — माझ्या मार्गदर्शक, ज्यांचं कौतुक ‘बरं’ या शब्दाशी संपतं — आज ‘छान आहे’ म्हणाल्या. 

हे सगळे फोटो डोंगरावरच्या जुन्या दुर्बिणीचे. ती बाबा चालवतात. मी जन्मायच्या आधीपासून.

५ फेब्रुवारी, बुधवार

काल रात्री दीर्घिका परत उजळली. बाईंनी सगळ्या खोलीला चहा पाजला. पेपरचा मसुदा महिनाअखेर हवा म्हणाल्या.

८ फेब्रुवारी, शनिवार

मसुद्याचा पहिला परिच्छेद लिहायला बसले आणि बाबांचंच वाक्य कागदावर आलं.

डोंगरावर शाळा नव्हती. सकाळी आई शिकवायची — भाषा, हिशेब, नकाशे. संध्याकाळी बाबा उठले की कामावर जाईपर्यंतचा वेळ त्यांचा. मी आठ-नऊ वर्षांची असेन, धाकटा भाऊ जेमतेम वाचू लागला होता. बाबांनी विचारलं, “आपल्या घरात मी एक हाक मारली की सगळे किती वेळात उठतात?” धाकटा म्हणाला, लगेच. “आणि खालच्या गावाला उठवायचं झालं तर?” मग आम्ही भांडलो. घंटा वाजवून, दारोदार जाऊन... शेवटी ठरलं की सकाळ होईल. बाबा म्हणाले, “म्हणजे जे पटकन सगळंच्या सगळं बदलतं, ते लहान असतं. उजेडाला सुद्धा या टोकाची खबर त्या टोकाला द्यायला वेळ लागतो.”

झालं. माझ्या अख्ख्या पेपरचा गाभा हाच. दोन तासांत बदलतं, म्हणजे उजळणारी जागा दोन प्रकाश-तासांहून मोठी नाही. अब्जावधी ताऱ्यांची दीर्घिका, आणि तिच्यातली ही एवढी जागा आपण इथे बसून मोजायची!

बाबांना फोन केला. आधी ‘कसे आहात’ विचारलं. ते म्हणाले, “तुझ्या आईने काही सांगितलं का?” मी म्हटलं, नाही, सहज. मग हसले. म्हणाले, बुटक्याच्या रात्री तुझी दीर्घिका झोपा काढते म्हणे, उजळते ती माझ्याच रात्री. माणूस बघून उजळतात हो!

बुटके काका म्हणजे दुसरे ऑपरेटर. नाव आम्ही पोरांनी ठेवलेलं. ते सहा फूट आहेत.

११ फेब्रुवारी, मंगळवार

बाबांनी थट्टेत म्हटलेलं डोक्यातून जात नाही.

आज सगळ्या उजळलेल्या रात्रींचे आलेख एकाखाली एक लावले. शेजारच्या टेबलवर बसणारा माझा टेबलशेजारी मागून डोकावला. (हा सतत काहीतरी चघळत असतो, आणि माझ्या शंकांना नावं ठेवणं हा त्याचा दुसरा विरंगुळा.) म्हणाला, “सगळ्या सुरुवातीलाच कशा ग? शो सुरू झाला की ही बया स्टेजवर हजर!”

तो हसत गेला. मी नाही हसले.

सगळ्या सुरुवातीलाच. एकही मधे नाही, एकही पहाटे नाही. तिच्याकडून उजेड निघाला तेव्हा इथे माणूस नव्हता. तिला आमची संध्याकाळ कशी कळते?

१२ फेब्रुवारी, बुधवार

सापडलं बहुतेक. सापडू नये असं वाटत होतं.

उजेड मोजायचा कसा, तर फोटोत प्रत्येक ताऱ्याभोवती एका ठरावीक मापाचं वर्तुळ काढायचं आणि आत पडलेला उजेड मोजायचा. तारा म्हणजे ठिपका. सगळा वर्तुळात मावतो. पण फोकस बिघडला की ठिपका पसरतो आणि थोडा उजेड वर्तुळाबाहेर सांडतो. तारा मंद मोजला जातो. दीर्घिका मात्र मुळातच मऊ, कापसाच्या पुंजक्यासारखी. तिचा उजेड आतून बाहेर सांडतो तसा बाजूचा आतही येतो. ती कमी हरवते. मग ताऱ्यांशी तुलना केली की तीच उजळल्यासारखी दिसते!

आज ताऱ्यांची जाडी मोजली. ज्या ज्या वेळी दीर्घिका उजळली, त्या त्या वेळी तारे फुगलेले. दीर्घिका उतरते तेव्हा तारे बारीक होतात. अगदी पावलावर पाऊल.

ती हललेलीच नाही. आमचा फोकस हललाय.

वर्तुळाचं माप मीच ठरवलं होतं. ताऱ्यांची जाडी मी आधी बघायला हवी होती. हेही लिहून ठेवते.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

त्या दुर्बिणीचा फोकस हाताने लावतात. पडद्यावर एक तारा मोठा करून बघायचा आणि तो सगळ्यात बारीक होईपर्यंत चकती फिरवायची. रात्र थंड होत जाते तशी नळी आकसते, म्हणून मधून मधून पुन्हा लावायचा.

बुटक्या काकांच्या रात्री तपासल्या. सगळ्या स्वच्छ. बिघडलेल्या सगळ्या बाबांच्या.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

दिवसभर बाबांच्या बाजूने वकिली केली. थंडी असेल. चकती सैल झाली असेल. कॅमेऱ्याला दव धरत असेल. पण चकती, थंडी, दव बुटक्या काकांनाही असतं. आणि बाबांचंच मध्यरात्रीनंतरचं काम इतकं सुरेख आहे की तारे टाचणीच्या टोकासारखे. त्यांना फोकस लावता येत नाही असं कुणी म्हणावं तरी कसं? पहिल्या दोन तासांतच काय होतं?

बाईंनी दारातून विचारलं, मसुदा कुठवर? मी म्हटलं, एक गोष्ट तपासतेय. हे खोटं नाही. पण पुरतं खरंही नाही.

टेबलशेजाऱ्याला दिसलं काहीतरी. म्हणाला, ‘यांत्रिक कारण’ असं एका ओळीत लिही आणि मोकळी हो. कोण विचारतंय कुठलं यंत्र? तो दुष्ट नाही. मलाच तो मोह झाला होता, त्याने बोलायच्या आधी.

घरी भाऊ आणि मी एकमेकांच्या वह्या तपासायचो. चूक सापडली की ओरडायचं नाही, आईला सांगायचं नाही. ज्याची चूक त्याला आधी, एकटं गाठून. बाकीच्यांना मग. बाईंना आधी सांगितलं तर तो नियम मोडतो. बाबांना सांगायचं म्हणजे...

त्यांच्या हातून ती दुर्बीण गेली तर? मला दुसरं काही सुचतच नाहीये. पेपर गेला तर दुसरा लिहिता येतो.

उद्याची पहिली गाडी.

१६ फेब्रुवारी, रविवार

गाडीत लिहितेय, अक्षर वेडंवाकडं येणार.

काल दुपारी पोचले. आईने दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं — बाबा झोपलेले. त्यांच्या खोलीच्या खिडकीला अजून तीच जाड चादर. आम्ही दोघी कुजबुजत बसलो. आईने मला वाळलेली ठरवलं, माझ्या चपलांना नावं ठेवली, आणि मग म्हणाली, हल्ली ते उठले की थोडा वेळ त्यांच्याशी बोलू नकोस. चहा होईपर्यंत माणसात नसतात. “पूर्वी असे नव्हते,” म्हणाली, आणि उठून भांडी लावू लागली.

उन्हं उतरल्यावर ते बाहेर आले. मी खिडकीपाशी उभी होते. माझ्याकडे सरळ बघून म्हणाले, “अगं, दिवा लाव की. आणि पोरीचा फोन आला होता का?”

मी तीन हात अंतरावर उभी होते.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, अहो, पोरगीच उभी आहे समोर. त्यांनी डोळे किलकिले केले. मग हसून म्हणाले, “कळलं मला. चेष्टा केली.” आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. चहाचा कप उचलण्याआधी त्यांनी एका बोटाने त्याचा काठ शोधला.

बाहेर पायरीवर बसलो, दोघंच.

“बाबा, एक चूक सापडलीय.”

“एकटं गाठलंस, म्हणजे माझीच असणार.”

“तुमची. थोडी माझीही.”

मी सगळं सांगितलं. वर्तुळ, पसरलेले तारे, कापसाचा पुंजका. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. लहानपणी माझी गणितं ऐकायचे तसं. मधे दोनच गोष्टी विचारल्या. बुटक्याच्या रात्री? स्वच्छ. माझ्या पहाटेच्या वेळा? फारच स्वच्छ. 

“उठल्यावर धुकं असतं,” ते म्हणाले.

“कुठे?”

“डोळ्यांत. आधी वाटलं, पडद्याची काच खराब झाली. ती पुसत बसलो. मग चष्मा बदलला. दिव्यांभोवती कडी दिसतात. आणि दोन तासांनी सगळं लख्ख! म्हटलं, जे रोज आपलं आपण जातं ते दुखणं कसलं? तोवर हाताच्या सवयीने फोकस लावायचो. तीस वर्षांचा हात आहे, चुकणार नाही म्हटलं.”

“कुणाला सांगितलं नाहीत?”

“सांगितलं की खाली पाठवतील. खाली मी काय करू ग? खाली आकाशच नाही.”

मी त्यांचा हात धरला. मला रडायचं नव्हतं. त्यांनीच मला सावरलं, म्हणाले, जन्मभर डोळ्यांत तेल घालून काम केलं, तेच साचलं असेल! मग माझ्याकडे वळून, अगदी माझा चेहरा शोधून म्हणाले, “शेजारी झोपणाऱ्या तुझ्या आईला दिसलं नाही. तू शहरात बसून एका दीर्घिकेवरून पकडलंस मला.” त्यांच्या आवाजात काय होतं ते मला लिहिता येत नाही. दुःख होतं. पण शाबासकीही होती, आणि ती मला सहन होईना.

मी म्हटलं, बाईंना फक्त ‘फोकस सरकला’ असं सांगते. ते पटकन म्हणाले, “सरकला? आपोआप? माझं नाव घालून सांग. नाहीतर तुला शिकवलेलं सगळं पाण्यात.”

आत जाऊन त्यांनी बुटक्या काकांना फोन केला. आज पहिला फोकस तू लाव, म्हणाले. कारण सांगितलं नाही, काकांनीही विचारलं नसावं. फोन तेवढ्यातच संपला. आई दारात उभी होती. तिने त्यांना काही विचारलं नाही. मला मात्र स्वयंपाकघरात ओढून विचारलं, “किती दिवसांपासून?” मी म्हटलं, डिसेंबर. ती ओट्याला टेकली. “आणि मी म्हणायची, माणसात नसतात.”

१८ फेब्रुवारी, मंगळवार

बाईंना सांगितलं. आलेख समोर ठेवले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

पेपर गेला, म्हणाल्या. मी म्हटलं, हो. हे कधीपासून माहीत आहे? बुधवारपासून. आज मंगळवार आहे, म्हणाल्या. मी म्हटलं, ज्यांची चूक त्यांना आधी सांगायचं होतं.

ओरडतील अशी मी वाट बघत उभी. त्या म्हणाल्या, “बरं.” मी दारापर्यंत गेले तेव्हा मागून विचारलं, त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे कोण नेणार आहे? आणि डॉक्टरांचं नाव, पत्ता स्वतः शोधून दिला. वेधशाळेच्या प्रमुखांशी मी बोलते, तू बोलू नकोस, रडशील, म्हणाल्या.

मी रडले नसते. (हे वाक्य नक्की खरं आहे का, माहीत नाही.)

२० फेब्रुवारी, गुरुवार

आई-बाबा खाली आले. डॉक्टरांकडे मीही गेले.

डॉक्टर तरुण बाई, घाईत. विचारलं, सकाळी उठल्यावर धूसर दिसतं का? बाबा म्हणाले, “नाही.” प्रामाणिकपणे म्हणाले. तिने कागदावर तसं लिहून पुढचा प्रश्न घेतला. मला एकदम उमजलं. मी म्हटलं, डॉक्टर, ह्यांची सकाळ संध्याकाळी होते! रात्रभर काम करून दिवसा झोपतात. तेव्हा तिने पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदा बाबांकडे नीट बघितलं.

मग यंत्रावर हनुवटी टेकवून बराच वेळ तपासलं. बुबुळावर जो पारदर्शक पडदा असतो, त्याच्या आतल्या बाजूला बारीक पेशी असतात. पडद्यात झिरपलेलं पाणी त्या सतत बाहेर काढतात. बाबांच्या त्या पेशी झिजत चालल्यात. झोपेत डोळा मिटलेला, पाणी साचतं, पडदा सुजतो — धुकं. डोळा उघडा राहिला की तासा-दोन तासांत सुकतो. तोच तो दोन तासांचा उतार! मी महिनाभर ज्याचा आलेख काढत होते तो बाबांचा डोळा सुकण्याचा आलेख होता.

थेंब दिलेत. पुढे कधीतरी पडदा बदलावा लागेल. बदलतात हल्ली, चांगला बदलतात. आणखी काही मोजमापांचे रिपोर्ट आल्यावर सविस्तर सांगते म्हणाली.

बाहेर पडल्यावर आई बाबांना म्हणाली, डॉक्टरसमोर ‘नाही’ म्हणायला लाज नाही वाटली? बाबा म्हणाले, अगं, सकाळी मला लख्ख दिसतं, तेव्हाच तर झोपायला जातो! आई हसली आणि मग रस्त्यातच पदराने डोळे पुसू लागली. बाबांनी तिचा हात धरून रस्ता ओलांडला. कोण कुणाला नेत होतं, सांगता येणार नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

बाबा दुर्बिणीवर राहणार!

प्रमुखांनी बाईंना कळवलं: ऑपरेशनची तारीख लागेपर्यंत हंगाम पूर्ण करा, फक्त पहिल्या दोन तासांचा फोकस दुसऱ्या कुणीतरी लावायचा. बुटके काका एक दिवसाआड असतात, ते आपल्या सुट्टीच्या दिवशीही कसे येणार? बाबांनी माझं नाव सुचवलं. बाई म्हणाल्या, नाहीतरी ह्याच दीर्घिकेचे फोटो पुन्हा घ्यायचेत, जा वर, एक तारखेपासून. ती खरंच कधी हलते का ते बघ.

बाबा फोनवर म्हणाले, “शंकासुरा, चकती हळू फिरव हं. ती माझ्या हाताची आहे.” मी म्हटलं, हळूच फिरवीन.

सामान बांधायला घेतलंय. लोकरीचे मोजे सापडत नाहीत. मी खूश आहे. हे दोनदा तपासून लिहिलंय.

२४ फेब्रुवारी, सोमवार

बाबांचा फोन. रिपोर्ट आले. हा आजार घराण्यातून उतरतो. मुलांपैकी निम्म्यांकडे जाऊ शकतो. दिसायला काही त्रास नसला तरी माझ्या वयात पडद्यावर खुणा सापडू शकतात, असं डॉक्टर म्हणाल्या. हे सांगताना बाबा तीनदा थांबले. शेवटी म्हणाले, “माझं मला चाललं असतं ग.”

 नंतर आरशात बघितलं. आरशात काही कळत नाही.

एक तारखेला त्यांचा फोकस माझ्या हातात येतो. माझे डोळे न तपासता मी तो लावला, तर दुसरी खोटी दीर्घिका उजळेल आणि या वेळी पकडायला कुणी नसेल.

बुधवारी, २६ फेब्रुवारीला, त्याच डॉक्टरांकडे जाते. सकाळी, उठल्या उठल्या. त्याआधी चकतीला हात लावणार नाही.